मागच्या दाराला कुलूप

अल् खुवैर, मस्कत
२० जून २०२५

अब्बा,

सलाम. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. अम्मीच्या फोनवर माझा आवाज आला की उठून ओसरीवर जाता. म्हणून आता कागद. हे पत्र म्हसळ्याच्या एका ड्रायव्हरच्या हाती देते आहे. जाणाऱ्याच्या हातचं पत्र परत करायचं नसतं आणि आणणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय दारातून पाठवायचं नसतं, हा नियम तुमचाच. इथे ओमानात, इब्रीच्या दुकानात बसून तुम्ही अर्ध्या तालुक्याची पत्रं गोळा करायचात, आणि कुणी न्यायला कुरकुर केली तर त्याच्याशी बोलणं टाकायचात. तेव्हा पत्र घ्यावं लागेल. वाचायचं की नाही ते तुम्ही बघा.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगते. सिदराचा मुंबईला नर्सिंगसाठी नंबर लागला आहे. कॉलेज चांगलं आहे, होस्टेल आहे. ऑगस्ट संपायच्या आत तिला मूळ कागद घेऊन तिथे हजर व्हायचं आहे. ते कागद तुमच्या लोखंडी कपाटात आहेत, आणि तुम्ही ठरवलंय की ती कुठेही जाणार नाही, पाऊस सरला की ताबिशशी तिचा निकाह लावायचा. ताबिशबद्दल माझी काही तक्रार नाही. फुफीचा मुलगा, सरळ आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला तो नवरा म्हणून नको होता, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं आणि नोकरी धरून इथे आले. त्यावर तुम्ही रागावलात, तो राग माझ्यावर ठेवा. मोठीने नाही म्हटलं म्हणून धाकटीने हो म्हणायचं, हा कुठला न्याय?

मी लिहीत राहणार आहे. इथून गावाकडे जाणारी माणसं काही संपत नाहीत.

कामाचं म्हणाल तर बरं चाललंय. सध्या माझ्या टेबलावर एक किल्ला आहे. एका अर्बाबला, इथल्या बड्या मालकाला, इब्रीच्या पुढे त्याच्या मळ्यात युरोपातला जुना किल्ला बांधायचा आहे, हजार-आठशे वर्षांपूर्वी तिथले सरदार बांधत तसा. लोकांनी मुलंबाळं घेऊन सुट्टीला यायचं, लग्नं करायची. खंदक हवा, उचलायचा पूल हवा, बुरूज हवेत. आमच्या आर्किटेक्ट ऑफिसचे गुरुदत्त सर पुण्याचे. ते म्हणाले, अंबरीन, तू जंजिऱ्याच्या बाजूची, किल्ला तूच काढ. इथे पाऊस म्हणजे नवलाई, खंदकात पाणी कुठून आणू ते सांगा.

तुमची,
अंबरीन


अल् खुवैर
१२ जुलै

अब्बा,

जागा बघायला इब्रीला जाऊन आले. वाटेत बाजारात गाडी थांबवायला लावली. तुमच्या कापडाच्या दुकानात आता एक मल्याळी मोबाइलची कव्हरं विकतो. बाहेरच्या बाकावर एक म्हातारा ओमानी बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मला उठूच दिलं नाही. कॉफी आली, खजूर आले. तुम्ही दोरीने बांधायचात त्या कापडाच्या गठ्ठ्यांबद्दल बोलत होता. म्हणाला, “महमूद का गाँठ बकरी भी नहीं खोलता.” सर हसले, मीही हसले. मग मला तुमची इतकी आठवण आली की थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले. रागावलेल्या माणसाचीही आठवण येते, त्याला माझा इलाज नाही.

किल्ल्याबद्दल वाचते आहे. मला वाटायचं किल्ला म्हणजे लढाई. पण लढाई वर्षानुवर्षं व्हायची नाही. एरवी ते घरच होतं. सरदार, त्याची बायको, मुलं, मुदपाकखाना, धान्याचं कोठार, विहीर. गावकऱ्यांचे तंटे त्याच्या दिवाणखान्यात सुटायचे. दरोडा पडला की लोक गुरंढोरं घेऊन तटाच्या आत शिरायचे. आणि त्याच तटावरून त्याच लोकांवर नजरही असायची. कोण नांगरतो, कोण चुकवतो, कुणाची मुलगी कुणाला दिली. हो, मुलगी द्यायलाही तिथल्या शेतकऱ्याला सरदाराची परवानगी लागायची. राखायचं आणि दाबायचं, दोन्हीला भिंत एकच.

मला आपल्या बंगल्याची भिंत आठवली. इब्रीत घाम गाळून तुम्ही तो एकेक खोली करत बांधलात, हे मी विसरलेले नाही. पण ज्या गावात लोक दाराला नुसती कडी लावून जत्रेला जातात, तिथे वर काचा लावलेली एवढी भिंत कुणासाठी घातलीत? आत अम्मी आणि दोन मुलीच होत्या.

दरवाज्याची गंमत ऐका. दोन बुरुजांमध्ये दार, दारामागे वरून धाडकन पडणारी जाळी, जाळीमागे बोळ, आणि बोळाच्या छताला भोकं. शत्रू बोळात सापडला की वरून दगड आणि उकळतं पाणी. हे अर्बाबला समजावून सांगितलं तर तो मांडीवर थाप मारून हसला. आमच्याकडे वरून खजुराचा उकळता पाक ओतायचे, म्हणाला. अम्मी तिथे असती तर तिचा जीव पाकासाठी हळहळला असता.

भांडण झालं ते एका दारावरून. अशा किल्ल्यांना मागच्या बाजूला एक लहान दार असायचं, आपल्याकडच्या चोरदिंडीसारखं. वेढा पडला की तिथून निरोप्या बाहेर जायचा, धान्य आत यायचं. मी ते काढलं. अर्बाब म्हणाला, “दरवाजा एक रखो, खलास.” सरांनी ते खोडलं. मी पुन्हा काढलं. मागचं दार नसेल तर किल्ला आणि तुरुंग यात फरक काय, असं मी म्हटल्यावर सरांनी चहा मागवला. ज्याच्या घरात कुणी कोंडलेलं असतं त्याने मागच्या दाराचा विचार जरूर करावा, एवढं सांगून थांबते.

अंबरीन


अल् खुवैर
२६ जुलै

अब्बा,

मागच्या दाराला तुम्ही कुलूप लावलंत.

अम्मीने फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. म्हावरेवाली आता भिंतीला वळसा घालून पुढच्या फाटकाने येते आणि येताना सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बडबडते. अम्मीला केळीची पानं काढायला परसात जायचं तर तुमच्याकडे चावी मागावी लागते. मला काय आनंद झाला ते सांगू? म्हणजे तुम्ही पत्र वाचता. ओळ न् ओळ वाचता. चहा पाजून आणणाऱ्याला वाटेला लावता, कागद खिशात घालता, आणि अम्मी-सिदरा नमाजला उभ्या राहिल्या की चष्मा शोधता.

मग आता मन लावून वाचा.

ते किल्ले सहसा चढाई करून पडत नसत. शिड्या लावा, दगडफेकीची यंत्रं आणा, तट काही हलायचा नाही. ते पडायचे उपासमारीने किंवा फितुरीने. वेढा घालणारा बाहेर शेकोटी करून बसायचा आणि आतल्यांचं धान्य संपायची वाट बघायचा. तुम्ही तेच करता आहात. सिदराशी कुणी भांडत नाही, मारत नाही. फक्त दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे ऑगस्ट आपोआप संपेल आणि जागा दुसऱ्या कुणाला मिळेल. किल्ला तुमचा आणि वेढाही तुमचाच, हे मात्र मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

बुरुजातला जिना गोल असतो. वर चढताना तो उजवीकडे वळत जातो. त्यामागे कारण होतं असं सांगतात. खालून येणाऱ्याचा तलवारीचा हात भिंतीला अडतो आणि वर उभा असलेल्याचा मोकळा राहतो. सर म्हणाले, आणि येणारा डावखुरा असला तर? सगळे हसले, मी नाही हसले. मला सिदरा आठवली. डाव्या हाताने घास घेतला म्हणून तुम्ही तिचा हात धरून ताटातून उचलायचात. ती उजव्या हाताने जेवायला शिकली, लिहायला नाही शिकली. परीक्षेत पहिली आली ती डाव्या हातानेच. तुमच्या जिन्याने ती अडेल असं धरून चालू नका.

अजून एक वाचलं. सरदार लढाईला किंवा राजाच्या दरबारी जायचे ते महिनोन्महिने परतायचे नाहीत. मागे किल्ला कोण सांभाळायचं? बायको. चाव्या तिच्या कमरेला, शिबंदी तिच्या हुकमात, वेढा पडला तर तटावर तीच उभी. आपल्या घरात कोण होतं? तुम्ही इब्रीत असताना गवंड्यांच्या डोक्यावर कोण उभं राहिलं? वादळात पत्रे उडाले तेव्हा शिडीवर कोण चढलं? परत आल्या आल्या तुम्ही अम्मीकडून चाव्यांचा जुडगा मागून घेतलात. तिने दिलाही. तेव्हा मला तिचा राग आला होता. अजूनही थोडा आहे. तिने एकदा तरी नाही म्हणायला हवं होतं.

अंबरीन


अल् खुवैर
१० ऑगस्ट

अब्बा,

हे पत्र आणणारी सबीहा. माझ्या फ्लॅटवर माझ्याबरोबर राहते, दाताच्या दवाखान्यात काम करते, माहेर श्रीवर्धनचं. भावाच्या लग्नाला आली आहे. चार दिवसांनी मुंबईहून विमान धरेल. तिला चहाबरोबर खायलाही द्या, लाजरी आहे, मागणार नाही. अम्मीला काही पाठवायचं असेल तर तिच्याकडे द्यायला सांगा. सोडे मिळाले तर बरे, इथले सोडे म्हणजे वाळलेला भुसा.

आणि मागच्या दाराकडे एक दिवा लावून घ्या. नुसत्या कुलपाने काय होतं? परसातल्या भिंतीला फणसाची फांदी टेकली आहे, तीही छाटा. जुन्या काळी तटाजवळचं झाड सगळ्यात आधी तोडायचे. मी तुमच्या जागी असते तर मागे खुर्ची टाकून बसले असते.

तुम्ही म्हणाल पोरीची जीभ वाढली. वाढली आहे. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मला एवढं लिहावं लागलं नसतं. सिदराला जाऊ द्या, अब्बा. हे मी शेवटचं हात जोडून सांगते आहे, यापुढे हात जोडणार नाही.

अंबरीन


अल् खुवैर
२२ ऑगस्ट

अब्बा,

सबीहा परत आली. तुम्ही तिला जेवल्याशिवाय सोडलं नाहीत, नारळ दिलेत, स्वतः गाडीने एसटी स्टँडवर पोचवलंत. ती म्हणते, तुझे वडील तर किती चांगले आहेत. मी म्हटलं, आहेतच, मी कधी नाही म्हटलं?

तिने खोक्याचंही सांगितलं. अम्मीने खोका भरून दोरी बांधून ठेवली होती. तुम्ही जाता जाता बघितलंत, ही काय बांधायची रीत झाली असं पुटपुटलात, अम्मीची दोरी सोडून टाकलीत आणि गुडघा टेकवून पुन्हा बांधलीत. आडवी, उभी, मध्ये तुमची ती गाठ. मग जाड मार्कर आणून वर लिहिलंत, अंबरीन महमूद, अल् खुवैर, मस्कत. दोन वर्षांत माझं नाव तुमच्या तोंडून निघालं नाही, पण हातून निघालं. सबीहा सांगत होती आणि मला रडू येत होतं. नंतर मला आणखी एका कारणाने रडू आलं, ते पुढे कधीतरी सांगेन.

खोका अजून माझ्यापर्यंत पोचायचा आहे. सबीहाचं सामान जास्त झालं म्हणून तो तिच्या बहिणीकडे कुर्ल्याला राहिला. काळजी करू नका, तुमची गाठ आहे.

तुमच्या खुर्चीचंही कळलं. परसात, मागच्या दारासमोर, फणसाखाली. पावसात छत्री घेऊन बसता म्हणे. तब्येत सांभाळा.

अर्बाबने शेवटी माझं मागचं दार मान्य केलं. नकाशा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, “लगाव. लेकिन अंदर से खुलना मंगता.” बाहेरून उघडणारं नको, आतून उघडणारं हवं. ऐंशीच्या घरातला माणूस, शाळेत किती गेला असेल कोण जाणे, पण त्याला सात मुली आहेत. मी तिथल्या तिथे कडी आतल्या बाजूला काढून दाखवली.

अंबरीन


अल् खुवैर
३ सप्टेंबर

अब्बा,

आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

खोक्यात सोडे होते. सोड्यांखाली आमसुलं, आमसुलांखाली तांदळाच्या पिठाची पिशवी, आणि पिठाखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सिदराचे मूळ कागद. ते घराबाहेर तुम्ही काढलेत. मागे आणखी एका कारणाने रडू आलं म्हटलं होतं, ते हेच. तुम्हीच बांधलेत, तुम्हीच डिकीत ठेवलेत, तुम्हीच एसटीत चढवलेत. आधी तिजोरी हलवायची आणि मग माणसं, असं वेढ्यातले शहाणे लोक करत.

कपाटातून ते निघाले कसे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ते कपाट अम्मीने घेतलं होतं, तुम्ही इब्रीत असताना. लोखंडी कपाटाबरोबर दोन चाव्या येतात. तुम्ही जुडगा मागितलात, तिने जुडगा दिला. दुसरी चावी आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत.

आणि हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं असं समजून मला शिव्या देत असाल, तर त्या मला पेलणार नाहीत. मागच्या दाराला कुलूप लागलं त्या दिवशी अम्मी फोनवर म्हणाली, तुझ्या पत्रांचा उपयोग होतोय, तू आपली मागच्या दाराचंच लिहीत राहा. मी लिहीत राहिले. दिवा, फांदी, खुर्ची, सगळं तिने सांगितलेलं. मला वाटत होतं मी सेनापती आहे. अम्मीने मला नुसतं एका बाजूला ढोल वाजवायला बसवलं होतं. तिच्यावर माझा थोडा राग होता असं मी मागे लिहिलं होतं, तो आता उरलेला नाही.

त्या सकाळचं तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्ही ते कुणाला सांगणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते. अम्मी चोरून काही करणाऱ्यातली नाही. कागद आधी हलवले ते तुम्ही हिसकावून घेऊ नयेत म्हणून. माणूस न्यायचा तो तिने उजेडी नेला. तुम्ही परसात मागचं दार राखत बसला होतात. तिने पुढचं मोठं फाटक उघडलं, दोन्ही कवाडं, जी तुमच्या गाडीशिवाय कुणासाठी उघडत नाहीत. बाहेर रिक्षा उभी केली. सिदराला नवा ड्रेस घालून फाटकात उभं केलं, तिच्या पायाशी पुस्तकांचा खोका. मग परसात येऊन तुम्हाला हाक मारली, पुढे चला म्हणाली.

तुम्ही आलात. अम्मीने दोरी तुमच्या हातात दिली. म्हणाली, “सिदरा शिकायला चाललीय. खोका बांधून द्या.”

तुम्ही दोरीकडे बघितलंत, सिदराकडे बघितलंत. दोरी खाली टाकलीत आणि घरात निघालात. अम्मी मागून बोलली, “फाटक लावायचं तर लावा. पन मी उद्या सांजंला परत येनार हाय, तेवढं ध्यानात ठेवा.”

लग्न होऊन आल्यापासून ती तुमच्याशी अशी कधी बोलली नव्हती. सिदरा सांगते, तुम्ही उंबऱ्यात क्षणभर थांबलात. मग आत गेलात.

तुम्ही आत असल्यामुळे पुढचं तुम्हाला दिसलं नाही. खोका सिदराने बांधला. फाटकात उकिडवी बसून, गुडघा टेकवून, आडवी, उभी आणि मध्ये गाठ. तुम्ही आम्हाला कधी शिकवली नाहीत ती गाठ. इब्रीहून सुट्टीला येऊन परतायच्या दिवशी तुम्ही सामान बांधायचात आणि आम्ही दोघी ओसरीच्या खांबाला धरून बघायचो, तेवढंच. तिने ती डाव्या हाताने बांधली, त्यामुळे उलटी पडली. रिक्षा, एसटी, मुंबईचे हमाल, होस्टेलचे जिने, एवढं सगळं झालं तरी ती सुटली नाही. शेवटी कात्रीने कापावी लागली.

तिला जागा मिळाली आहे. कुर्ल्याहून कागद घेतले, मुदतीत हजर झाली. होस्टेलच्या खोलीत चार मुली आहेत. आणि तिथल्या बाईंनी तिला डाव्या हाताने फॉर्म भरताना बघून काहीही म्हटलं नाही.

मी माफी मागणार नाही. तिनेही मागायची नाही, असं मी तिला बजावलं आहे. तुम्ही ताबिशच्या घरी काय सांगणार, आळीत काय बोलणार, हे तुम्ही बघा. फुफीला मी स्वतः पत्र लिहिलंय, ताबिशचा काही दोष नाही असं सांगून. ताबिशचा फोनही आला होता. त्याला वाटत होतं त्याच्यावर कुणीतरी रागावलंय. मी म्हटलं, नाही रे, तुला कुणी विचारलंच नव्हतं, तुझंही आमच्यासारखंच झालं.

अम्मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली. एसटीतून उतरून चालत येताना तिला फाटकाची धास्ती होती, असं ती मला म्हणाली. मला वाटलं होतं ती घाबरत नाही. वळणावर आली तर फाटक उघडंच होतं. दोन्ही कवाडं. वाऱ्याने आपटू नयेत म्हणून दोन्हींच्या खाली एकेक दगड लावलेला.

दगड कुणी लावले ते तिने विचारलं नाही. मीही विचारत नाही.

रमझान ईदला मी येते आहे. सिदराही येईल. हे पत्र यावेळी कुणाच्या हाती देत नाही, पोस्टाने टाकते आहे. घ्यायचं नसेल तर परत पाठवा, तुमचा नियम आता मोडला तरी चालेल. आम्ही मात्र पुढच्या दारानेच येऊ.

अंबरीन महमूद